गुळवेलीची साक्ष



मागच्या भागानंतर भिलाईहून, इंदूरहून, अगदी बडोद्याहूनही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच मागणी केली. "कर्नलसाहेब, किल्ले झाले, लढाया झाल्या, आता तुमच्या अंगणातल्या औषधी झाडांवर एक भाग करा. काढा कसा करता तेवढं सांगा." तर आज झाडांवरच बोलतो. काढाही येईल, पण तुम्हाला अपेक्षित आहे तसा नाही येणार.

आधी अंगण दाखवतो. रायपूरच्या ज्या भागात आमचं घर आहे तिथली जमीन म्हणजे इथले लोक जिला 'भाटा' म्हणतात ती, लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं मी नुसतं शेणखत आणि तळ्याचा गाळ ओतत होतो. मे महिन्यात ऊन पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातं, तेव्हा जे तगतं तेच आपलं. तुळस तगते. अडुळसा तर कुंपणालाच लावलाय, त्याला गुरं तोंड लावत नाहीत. गवती चहा न्हाणीघराच्या पाण्यावर फोफावतो. पानओव्याची फांदी तोडून नुसती खोचली तरी लागते, मात्र हा पानओवा म्हणजे आपल्या डब्यातल्या ओव्याचं झाड नव्हे. वास तसा, म्हणून नाव तसं. शतावरी आहे, कोरफड आहे, वाळा आहे. आणि मागच्या कडुनिंबावर गुळवेल आहे. २०१७ मध्ये रोपवाटिकेतून हातभर कांडी आणून लावली होती. दोन पावसाळ्यांत ती निंबाच्या शेंड्याला गेली आणि वरून दोरखंडासारखी मुळं खाली सोडू लागली.

आजचा विषय ही वेल.

२०२० चा तो काळ तुम्हाला आठवतच असेल. बाहेर सगळं बंद, आणि घराघरात काढे उकळतायत. माझ्याकडे एवढी मोठी वेल. मी काय केलं? फौजी माणूस, रसद वाटायची सवय. वीत-वीत लांबीच्या कांड्या तोडल्या, वर्तमानपत्रात बांधल्या आणि कॉलनीत वाटल्या. तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी, थोरल्या भावाकडे, तर आठवड्याला एक जुडी जायची. वहिनी रोज सकाळी उपाशीपोटी अर्धा पेला काढा घ्यायच्या. "भाऊजी, तुमच्या वेलीनं घर राखलंय," असं फोनवर म्हणायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

जानेवारी २०२१ मध्ये वहिनींचे डोळे पिवळे झाले. अन्न नको झालं, अंगाला खाज सुटली. इस्पितळात यकृताच्या तपासण्या झाल्या. नेहमीच्या काविळीचे विषाणू मिळाले नाहीत. मग तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "घरी काही झाडपाला घेता का?" मी शेजारीच उभा होतो.

काढा बंद केला. औषधं चालू राहिली, आणि वहिनी बऱ्या व्हायला जवळजवळ तीन महिने लागले. भावानं मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी अशाच सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. गुळवेल घेतलेली माणसं, यकृताला इजा. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी एक जात आहे, तिच्या खोडावर गाठी-गाठी असतात, ती विषारी ठरू शकते, आणि लोकांनी नेमकं काय घेतलं याची खात्री केलेली नाही. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांमधल्या त्रेचाळीस रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमू लागला. माझ्या निंबावरची वेल गुळवेलच आहे, हे मला कुणी सांगितलं होतं? रोपवाटिकेतल्या पोरानं. त्याला कुणी सांगितलं? पिशवीवरच्या चिठ्ठीनं. चौकीवर अंधारातून कुणी आलं तर आम्ही 'थम, कौन आता है' विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकू देत नाही. परवलीचा शब्द चुकला तर माणूस तिथेच थांबतो. आणि इथे मी एका अनोळखी वेलीला थेट घरात घेतलं, आणि घरातल्या माणसांच्या पोटात पाठवलं.

त्या शरमेतून मी वाचायला बसलो. झाडांची ओळख पटवायची, तिची साक्ष द्यायची पद्धत आपल्याकडे कधी आणि कशी होती, हे शोधू लागलो. आणि सापडला तो एक सैनिक.

हेंड्रिक फान रेड. हॉलंडचा. जन्म १६३६ चा, वडीलधाऱ्यांचं छत्र लहानपणीच गेलेलं, विशीत डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई म्हणून भरती. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं त्या मोहिमेत हा होता. पुढे १६७० च्या सुमारास तो मलबारचा कमांडर झाला. म्हणजे हातात किल्ले, वखारी, मिरीचा व्यापार आणि आजारी शिपाई. तोफेनं मरणाऱ्यांपेक्षा हगवणीनं आणि तापानं मरणारे जास्त, हे त्या काळच्या कुठल्याही फौजेचं सत्य. औषधं हॉलंडहून गलबतानं यायची. येईपर्यंत निम्मी कुजायची. त्यातली काही तर मुळात हिंदुस्थानातूनच गेलेली असायची, दुप्पट प्रवास करून, चौपट भावानं परत. ज्यानं कधी रसद सांभाळली आहे त्याला हे वाचून हसूही येईल आणि चीडही.

फान रेडनं ठरवलं की औषध इथलंच शोधायचं. पण झाड कोणतं, हे सांगणार कोण?

त्याच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं एका पोर्तुगीज वैद्यानं हाच प्रश्न गोव्यात विचारला होता. गार्सिया द ऑर्ता. त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, संवादाच्या रूपात. त्यात मालूपा नावाचा हिंदू वैद्य येतो, आणि अंतोनिया नावाची दासी येते, जिला हाक मारली की ती बागेतून झाडाची फांदी घेऊन येते. मुंबई बेट तेव्हा या ऑर्ताकडे खंडानं होतं. त्याचं घर आणि बाग जिथे होती तिथे पुढे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल उभा राहिला, आणि आज तिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे हे ठाणं आहे. तरुणपणी कामासाठी मी त्या फाटकातून आत गेलोय, बाहेर आलोय, आणि आत एका वैद्याची बाग होती याचा पत्ताही नव्हता. ऑर्ताचं पुढे वाईट झालं. तो मूळचा ज्यू कुटुंबातला. मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. त्याच छळाला कंटाळून गोव्यातली कितीतरी कोकणी कुटुंबं देव पाठीवर घेऊन दक्षिणेकडे निघाली आणि त्यातली बरीच कोचीला जाऊन राहिली.

आता जोड लागते बघा. फान रेडनं कोचीत ज्यांना बोलावलं त्यात तीन वैद्य या कोकणी समाजातले होते. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट. चौथा होता इट्टी अच्युदन, मल्याळी, एळव समाजातला, पिढीजात वैद्य, ज्याच्या घरी ताडपत्रावरचे ग्रंथ होते. तिघांकडे संस्कृत निघंटू होते, वनस्पतींचे गुण सांगणारे श्लोक पाठ होते. अच्युदनकडे रानाची ओळख होती. झाडं आणायला माणसं रानात जायची, फुलासकट, फळासकट, मुळासकट आणायची. चित्रकार काढायचे. मग वैद्य बसायचे आणि वाद घालायचे. फान रेडनं लिहून ठेवलंय की हे वैद्य एकमेकांचं म्हणणं खोडून काढताना श्लोकांचा आधार देत, पण कधी पातळी सोडत नसत. हे वाचून मला आमच्या काही बैठका आठवल्या, जाऊ दे.

या खटाटोपातून 'होर्टुस मलाबारिकुस' नावाचा ग्रंथ तयार झाला. ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, प्रत्येकीचं पानभर चित्र, आणि चित्रावर नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांत. पुढे लिनियसनं वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा ही चित्रं त्याच्या टेबलावर होती.

पण मला खिळवून ठेवलं ते पहिल्या खंडाच्या सुरुवातीच्या एका पानानं. एप्रिल १६७५ मधलं साक्षीपत्र. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तिघांनी आपल्या भाषेत, नागरी लिपीत, लिहून दिलंय. आशय साधा आहे. कमांडरच्या आज्ञेवरून आम्ही दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, झाडं, वेली, त्यांची मुळं, पानं, फुलं, फळं आणि त्यांचे उपयोग सांगितले, यात कुणी संशय घेऊ नये. खाली नावं. अच्युदननंही आपली स्वतंत्र साक्ष मल्याळी अक्षरांत दिली आहे. नागरी अक्षरांच्या अगदी जुन्या छापील नमुन्यांत ते पान मोजलं जातं, आणि कोकणी माणसाला त्याचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. त्याच वसंतात इकडे शिवाजी महाराजांचा फोंड्याच्या किल्ल्याला वेढा पडलेला होता. एकाच किनाऱ्यावर, एकाच महिन्यात, एकीकडे तोफा आणि दुसरीकडे तीन वैद्य वनस्पतींच्या नावाखाली सही करतायत.

गुळवेल त्यात आहे. वेलींच्या खंडात, मल्याळी नावानं, 'चिट्टमृतु'. मल्याळीत अजून एक 'अमृतु' आहे, 'काट्टमृतु', म्हणजे रानातली, दुसरी जात. दिसायला बहीणच. नावातच फरक करून ठेवलाय त्यांनी. आपण मराठीत दोघींनाही सरसकट गुळवेल म्हणून मोकळे होतो.

नावाचा घोळ गुळवेलीपुरता नाही. कोकणात अंगणात लावतात ते ओलं किराईत आणि दुकानात वाळलेल्या काड्यांच्या रूपात मिळतं ते काडेचिराईत, ही दोन अगदी वेगळी झाडं आहेत. पहिलं आपल्याकडे उष्ण हवेत येतं, दुसरं हिमालयात. रायपूरच्या गोल बाजारात 'चिरायता' मागा, बऱ्याचदा पहिलंच हातात पडेल. त्याला इथले लोक भुईनीमही म्हणतात, आणि ते नाव जास्त खरं आहे. ब्राह्मीचं तसंच. एका गावात ब्राह्मी म्हणजे ओल्या जागी पसरणारी जाड बारीक पानांची वनस्पती, दुसऱ्या गावात ब्राह्मी म्हणजे बेडकाच्या पावलासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी. दोन्ही घरच्या तेलात पडतात.

फान रेडचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. १६९१ च्या डिसेंबरमध्ये कोचीहून सुरतेला जाताना मुंबईच्या समुद्रात तो जहाजावरच वारला. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची भव्य छत्री आजही उभी आहे. रंगभट, विनायक पंडित, आप्पूभट कुठे वारले, कोणी सांगत नाही. तिघांचं एकच स्मारक, ते पान.

आता दीडशे वर्षं पुढे येऊ, आणि माझ्या ओळखीच्या जागी. मी अभियंता दलाचा. पुण्यात दापोडीला आमचं मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे मी आयुष्याची काही चांगली वर्षं काढली. इंग्रजी कागदपत्रांत जिला 'डापुरी' म्हणतात ती हीच दापोडी. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा कॅप्टन फोर्ड इथे राहायचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत तो आपली पलटण घेऊन इथूनच निघाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला. त्याचा बंगला १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. चालवणारे कोण, तर कंपनीच्या फौजेचे सर्जन. त्यातला अलेक्झांडर गिब्सन सर्वांत महत्त्वाचा. देवी टोचण्याच्या कामासाठी दख्खन आणि खानदेश पायाखाली घातलेला माणूस. १८३८ पासून वीस-बावीस वर्षं बाग त्याच्याकडे होती. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्यानं आणखी एक बाग केली, ती खास औषधी वनस्पतींची. सोनामुखी लावली, खुरासनी ओवा लावला, त्याचे अर्क काढले आणि मुंबईच्या सरकारी औषध भांडाराला पाठवले. तिथून ते पलटणींच्या इस्पितळात जात. फान रेडचंच गणित, फक्त हिशेब इंग्रजीत.

एक फरक मात्र मोठा होता. दापोडीत गिब्सननं एका चित्रकाराकडून झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार गोव्याकडचा होता एवढंच कळतं, नाव नाही. आणि झाडाबद्दल ज्यानं सांगितलं त्या वैद्याचं, माळ्याचं, ठाकराचं नाव तर कुठेच नाही. कोचीला वैद्याची सही होती. इथे भांडाराचा शिक्का आला. बाटलीवर औषधाचं नाव, वजन, तारीख. पलटणीत आठशे जवान असतील तर आठशेंना तोच डोस. फौजेला तसंच लागतं, मी स्वतः त्या व्यवस्थेत तीस वर्षं काढली आहेत आणि तिला नावं ठेवणार नाही. पण वैद्य समोरच्या माणसाची जीभ बघतो, नाडी बघतो, कोठा हलका की जड ते विचारतो, ती बाजू भांडारात मावत नाही. १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली, पुढे गणेशखिंडीत नवी उभी राहिली. गिब्सननं डॅलझेल याच्याबरोबर लिहिलेलं 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये निघालं, आणि अजून वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी त्याचं नाव घेतात.

त्यानंतरचा टप्पा आपल्या छापखान्यांचा. शंकर दाजीशास्त्री पदे हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. जेमतेम चाळीसएक वर्षं जगलेला माणूस, १९०९ मध्ये गेला. 'आर्यभिषक्' मासिक काढलं, 'वनौषधि गुणादर्श' लिहिलं, १९०७ मध्ये नाशिकला देशभरातल्या वैद्यांचं संमेलन भरवलं. पुढे डॉक्टर वामन गणेश देसाईंनी 'औषधीसंग्रह' केला, त्यात आयुर्वेदाच्या गुणांबरोबर रसायनशास्त्रही आणलं. या पुस्तकांनी वैद्यकी मराठीत आणली, ती घरात पोचली. आमच्या आजोबांच्या कपाटात अशाच एका पुस्तकाची पानं सुटलेली प्रत होती, आणि समासात आजोबांनी शाईनं खुणा केलेल्या: 'बाळूस लागू', 'मला उष्ण पडते'. तो समास मला आता फार महत्त्वाचा वाटतो. छापलेली कृती सगळ्यांसाठी आणि समास घरच्या माणसांसाठी.

बायकांकडे तर पुस्तकही नव्हतं, सहाण होती. बाळगुटी आठवा. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, हिरडा, बेहडा. प्रत्येकाचे वेढे मोजून. 'याचे दोन वेढे, त्याचा एक, जायफळ आज नको, पोराला काल जड झोप लागली होती.' वेढा म्हणजे माप. आणि रोज पोराकडे बघून ते बदलायचं. आजीनं बटव्यातलं काही कधी चार महिने रोज अर्धा पेला दिलं नाही. आम्ही २०२० मध्ये त्याच आजीचं नाव घेऊन काढे प्यायलो, पण वेढे मोजले नाहीत.

आता माझ्या वेलीकडे परत येतो. वहिनी बऱ्या झाल्यावर मी फांदी, पान, खोडाचा तुकडा आणि फुलोरा घेऊन एका जाणकार वनस्पतीशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, खोडाची कागदासारखी सुटणारी साल पाहिली, आडवा काप घेतला, गाठी शोधल्या, त्या नव्हत्या. म्हणाले, "कर्नलसाहेब, ही खरी गुळवेल आहे. शंका नको."

मी खरं सांगतो, मला वेल खोटी निघायला हवी होती. खोटी निघाली असती तर दोष रोपवाटिकेचा, चिठ्ठीचा. खरी निघाली, आणि मग प्रश्न उरला तो माझाच. त्या मोठ्या अभ्यासातही बऱ्याच रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच निघाली होती, आणि त्यातल्या अनेकांना आधीच थायरॉइडसारखे, शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार होते. वहिनींना थायरॉइड दहा वर्षांपासून आहे. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. कांडी बांधून देताना मी ते विचारातच घेतलं नाही.

रंगभटांनी साक्ष दिली ती झाडाची. माणसाची साक्ष त्यांना लिहून द्यावी लागली नाही, कारण कोचीत ते ज्याला औषध देत त्याला ओळखत होते. ग्रंथ छापला, दापोडीला भांडार झालं, पुस्तक घरात आलं, शेवटी फोनवर कृती आली. दर टप्प्यावर झाड जवळ येत गेलं आणि माणूस लांब होत गेला. लडाखमध्ये पोस्टिंग होतं तेव्हा तिथल्या पारंपरिक वैद्याला 'आमची' म्हणतात हे ऐकून मला मराठी म्हणून हसू आलं होतं. एका थंड सकाळी असा एक म्हातारा आमची माझ्या हवालदाराच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ बसला आणि शेवटी औषध न देताच उठला. मला तेव्हा वाटलं, वेळ घालवला. आता तसं वाटत नाही.

इथे छत्तीसगडमध्ये ती जुनी रीत अजून दिसते. १ नोव्हेंबर २००० ला राज्य झालं आणि लवकरच त्याला 'हर्बल स्टेट' म्हणायला सुरुवात झाली. राज्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भागावर जंगल आहे, तेव्हा ते साहजिक. पण मला हरेली जास्त सांगते. आपल्याकडे आषाढाच्या अमावास्येला दिव्यांची पूजा करतो, त्याच दिवशी इथे हरेली असते. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, म्हणून ते श्रावण म्हणतात. पहाटे गावचा राऊत, म्हणजे गुराखी, घराघरावर कडुनिंबाची डहाळी खोचतो. त्याच्या आधी रानातून दसमूल आणि बनगोंदलीचे कंद आणून, उकडून गावाला वाटतो. आमचा दूधवालाही राऊतच. पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं, "कका, हे कंद तुम्ही ओळखता कसे?" म्हणाला, "मोर बबा चिन्हाय रहिस." माझ्या आजोबांनी दाखवून दिलं होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, साहेबांना साखरेचा आजार आहे का. मी हो म्हटलं. त्यानं अर्धाच कंद हातावर ठेवला.

आता काढ्याची कृती मागणाऱ्यांसाठी. माझ्या अंगणातून आता बाहेर जातं ते मुख्यतः गवती चहा, आलं आणि तुळशीची चार पानं. चहात टाका, त्याला औषध म्हणू नका. अडुळशाची पानं वाफवून काढलेला चमचाभर रस मधातून, खोकल्याला, दोन-तीन दिवस, मोठ्यांसाठी. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही आजी म्हणाली तरी. खोकला आठवडाभर राहिला तर डॉक्टर. गुळवेल मी कुणाला देत नाही. कुणी मागितली तर विचारतो, कुणासाठी, वय काय, कोणती औषधं चालू आहेत, थायरॉइड, मधुमेह, यकृत. बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला 'राहू दे मग' म्हणतात.

प्रत्येक झाडाखाली मी आता पत्र्याची पाटी लावली आहे. मराठी नाव, छत्तीसगढी नाव, शास्त्रीय नाव, आणि चौथ्या ओळीत, ज्यानं ओळख पटवून दिली त्याचं नाव आणि तारीख. ही कल्पना कोचीच्या पानावरून उचलली. चौदा पाट्या झाल्या आहेत. मंडूकपर्णीच्या पाटीची चौथी ओळ अजून कोरी आहे, कारण दोन जाणकारांचं एकमत झालेलं नाही. तोवर ते पान कुणाच्या तेलात जाणार नाही.

गुळवेल निंबावरच आहे. तोडायचा विचार मी केला होता. वहिनींनीच अडवलं. परवा अंगणात आल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हिच्यावर माझंही नाव लिहा की." पाचवी ओळ मी अजून लिहिलेली नाही. पत्रा मोठा घ्यावा लागेल.

पुढच्या भागात आपण बिंबाजी भोसल्यांच्या रतनपुराला जाणार आहोत. नमस्कार.